औषध म्हणजे औषध

त्या सकाळी आमच्या ह्यांच्या हातातल्या बशीतून चहा सांडला आणि मी हसले.

"म्हातारपण इला बशीत," मी म्हटलं.

"बशीच वाकडी आसा तुझी," ते म्हणाले आणि उरलेला चहा कपानेच प्यायले. कपाळावर घाम होता. माघातली थंडी, मी शाल गुंडाळून बसलेली, आणि ह्यांना घाम. पण तेव्हा मी नुकती साठी ओलांडलेली, म्हणजे तशी पोरसवदाच होते. नवऱ्याला चिडवायची संधी मिळाली की पोरसवदा बायकांना दुसरं काही दिसत नाही.

आमचं घर मिठबावकडून कुणकेश्वरला जाताना रस्त्यापासून आत, कलमांच्या बागेत आहे. मुंबईची नोकरी संपवून हे परत आले ते हापूससाठी, असं ते सगळ्यांना सांगतात. मला विचाराल तर ते कुत्रा पाळायला आले. मुंबईच्या खोलीत कुत्रा ठेवता आला नाही, ही त्यांची जन्माची तक्रार. इथे आल्या आल्या त्यांनी एक तांबूस पिल्लू आणलं, आणि मग दिवसभर त्याच्याशी जेवढं बोलायचे तेवढं माझ्याशी लग्नाच्या पहिल्या वर्षातही बोलले नव्हते. कुत्र्याचं नाव मी इथे लिहीत नाही. ते ह्यांनी आमच्या एका नातेवाइकावरून ठेवलंय, आणि तो नातेवाईक वाचणारा आहे.

हा कुत्रा रोज सकाळी पायरीखाली बसून घावण्याची कड मागायचा. त्या दिवशी कड माझ्या हातात तशीच राहिली. मी हाक मारली. दुसरी हाक मारली. मग तो विहिरीच्या मागून आला.

शेवाळलेल्या खडकावरून माणूस चालतं ना, तसा तो चालत होता. पाय टेकायचा, निसटायचा, परत टेकायचा. तोंडातून लाळेची तार जमिनीपर्यंत लोंबत होती. पाठीवरची कातडी आपली आपणच फडफडत होती, माशी बसल्यासारखी. आणि माशी तर एकही नव्हती. आमच्याकडे बघून त्याने शेपूट हलवायला घेतली, तेवढ्याने त्याचा तोल गेला.

मी काय केलं? मी पडवीतल्या बाकावर चढले. हातात आली ती ताक घुसळायची रवी, ती धरून उभी राहिले. ही कोकणातली शूर बाई, आयुष्यभर दुसऱ्यांना भित्री म्हणत आली, आणि आता बाकावर चढून कुत्र्याला रवी दाखवतेय.

"ह्याका काय झाला?" म्हणत हे पायरी उतरायला लागले.

"थयच ऱ्हवा," मी ओरडले. "तोंड बघा तेचा. लाळ बघा."

ते थांबले. दोघांच्याही मनात एकच शब्द होता आणि दोघांनीही तो उच्चारला नाही. तो शब्द गडग्याच्या, म्हणजे आमच्या दगडी कुंपणाच्या, पलीकडून आला. शेजारच्या जाऊबाई, म्हणजे नात्याने नव्हे, मानलेल्या, पाणी भरायला आल्या होत्या. त्यांनी कळशी खाली ठेवली आणि घराकडे बघून सांगितलं, "अवो, बाहेर येवा. ह्यांचो कुत्रो पिसाळलो."

भावजी बाहेर आले ते बंदूक घेऊनच. वानरं कलमांची नासधूस करतात म्हणून त्यांच्याकडे परवान्याची बंदूक आहे. एरवी ती हवेतच वाजते. माणूस वाईट नाही. त्यांच्याकडे दोन लहान नातवंडं होती, आणि आदल्या संध्याकाळी ती दोघं आमच्या कुत्र्याला बिस्किटं भरवत होती, त्याच्या तोंडात हात घालून. गडगा ओलांडून आले तेव्हा भावजींचा चेहरा पांढराफटक होता.

कुत्रा तोवर लाकडांच्या खोपीत शिरला होता. आतून फक्त त्याच्या श्वासाचा आवाज येत होता, खरखरीत, पाण्यातून आल्यासारखा.

"तुमी बाजूक व्हा," भावजी ह्यांना म्हणाले.

हे खोपीच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. "माझ्या कुत्र्याक गोळी घालूची नाय."

"माझ्या घरात पोरां आसत."

"माका म्हायत आसा. तरीपण घालूची नाय."

"तो पोरांक चावलो तर तुमी येतालात रडूक? लस टोचलली काय तेका?"

"टोचलली. गेल्या वर्साच टोचलली."

"टोचलली म्हणे," भावजी म्हणाले. "शिबिरात तेवा लशीचो बर्फ वितळललो, माका म्हायत नाय काय?"

दोन म्हातारे, मध्ये बंदूक, मागे खोप. मी बाकावरून उतरले. रवी कुठे टाकली ते आठवत नाही. नंतर ती तुळशीजवळ सापडली. भावजींना म्हटलं, "गुरांच्या डाक्तरणीक फोन करतंय. मी खाली येयसर गोळी घालूची नाय. माझी शपथ."

"वैनी, बेगीन."

आमच्या घरात फोनला रेंज नाही. रेंज मागच्या कातळावर आहे, काजूच्या एका झाडाखाली, आणि तीही त्याच झाडाखाली. मी चढत होते आणि कान मागे होते. प्रत्येक पावलाला वाटत होतं, आता वाजेल. वाजली तर पुढे चढायचं कशाला, असंही वाटलं, पण पाय थांबले नाहीत.

डॉक्टरीणबाई घाटावरच्या, तरुण, बोलायला सरळ. मी दम खात सगळं सांगितलं. त्यांनी मला मध्येच अडवलं.

"आजी, एकेक विचारते. कुणाला चावलाय का?"

"नाही."

"काल कसा होता?"

"काल चांगला होता. पोरांबरोबर खेळत होता."

"काल चांगला आणि आज एकदम असा? तुमच्याकडे फवारणी चालू आहे?"

"फवारणी मोहराच्या दिवसांत चालूच असते. पण आमची ह्या आठवड्यात झालेली नाही."

"त्याच्या अंगाला काही लावलं का?"

"काल लावलं ना. तुमच्याच दवाखान्यातलं औषध. गोचिडीचं."

"ती पावडर? तिने असं होत नाही. आजी, दोन गोष्टी करा. ती पावडर तीच होती का बघा. आणि कुत्रा सावलीत आहे ना? हात न लावता, लांबून, त्याच्या डोळ्यातली बाहुली बघा. अंधारात ती मोठी व्हायला पाहिजे. बारीक झाली असेल तर मला लगेच सांगा. पिसाळलेला नाही असं मी फोनवर सांगू शकत नाही. जपून."

मी खाली आले. बंदूक वाजली नव्हती. भावजी होते तिथेच होते, हेही होते तिथेच होते, फक्त आता हे खोपीच्या खांबाला टेकले होते.

आधी स्वयंपाकघरात गेले. फळीवर, हळदीच्या डब्यामागे, दवाखान्याची पावडर. पाकीट तसंच बंद. कोपराही फाटलेला नव्हता.

ते पाकीट हातात घेऊन मी बाहेर आले. मला आठवतंय, मी आवाज अजिबात चढवला नाही. आवाज न चढवता बोलले की हे घाबरतात.

"काल कुत्र्याक तुमी कसला औषद लावलात?"

"औषद," ते म्हणाले.

"कसला औषद?"

"अगो, तूच सांगितलंस ना, तेका गोचीड झालेत, औषद लावा म्हणून. लावलंय."

"खयचा औषद?"

"खयचा म्हणजे? औषद म्हणजे औषद. ह्या घरात औषद एकच आसा." आणि त्यांनी मान वळवून मांगराकडे बघितलं.

मांगर म्हणजे बागेतली आमची अवजारांची झोपडी. तिथे खोरी, पाइप, पंप, आणि कलमांवर मारायच्या बाटल्या.

तुम्ही बाहेरचे असाल तर हे समजायला वेळ लागेल. आमच्याकडे कलमांवर जे मारतात त्याला औषधच म्हणतात. पहिलं औषध मारलं, दुसरं औषध मारलं, तुडतुडे पडलेत, औषध बदला. म्हातारी माणसं, पोरं, दुकानदार, सगळे. दुसरा शब्द आम्ही वापरतच नाही. पाव्हणे आले आणि मी म्हटलं, "हे औषध मारतायत," तर कुणी विचारत नाही, काय झालंय त्यांना. म्हणजे चूक ह्यांची नव्हतीच म्हणा. मी औषध म्हटलं, त्यांनी औषध आणलं. बादलीभर पाण्यात टोपणभर घातलं, फडकं बुडवलं, आणि लाडक्याला शेपटीपासून कानापर्यंत चोळून काढलं. वर त्याला म्हणाले असतील, आता बरा वाटतला हां झिला.

भावजींनी हे सगळं ऐकलं. बंदूक जरा खाली आली, पण पूर्ण नाही.

"औषद लावलला म्हणान पिसाळललो नाय, असा कोण सांगता?" ते म्हणाले. त्यांचंही चुकीचं नव्हतं.

मी खोपीच्या आडव्या वाशावर हात ठेवून आत वाकले. डॉक्टरीणबाईंनी लांबून बघायला सांगितलं होतं. मी त्यापेक्षा जवळ गेले. फटींतून येणाऱ्या उजेडात त्याचं तोंड दिसलं. त्याने माझ्याकडे बघितलं. तपकिरी डोळे नुसते तपकिरीच होते. बाहुल्या जवळजवळ नव्हत्याच. एकेक मोहरीचा दाणा, तोही फोडणीत जळालेला.

परत कातळ. ह्या वेळी मी पळाले. साठीच्या पोरीला पळता येतं, हे मला तेव्हा कळलं.

"मोहरीएवढ्या," मी म्हटलं, "आणि लावलं ते आंब्याचं."

"बाटलीवरचं नाव वाचता येईल?"

ते मी खाली जाऊन वाचलं, परत वर येऊन सांगितलं. त्यांनी मोठा श्वास घेतला. "मी निघते. पोचेपर्यंत तुम्हाला एक करायचंय. ते औषध अजून त्याच्या कातडीतून आत जातंय. साबणाने धुवा, भरपूर पाणी, पुन्हा पुन्हा. हाताला प्लास्टिक बांधा. तोंडाकडे जाऊ नका. आणि ज्यांनी लावलं त्यांना हात लावू देऊ नका. त्यांनी स्वतः आंघोळ करून कपडे बदलायचे. आत्ताच्या आत्ता."

तर असं ठरलं. हे न्हाणीत, आतून दर मिनिटाला विचारत, "जीव आसा मा तेचो?" जाऊबाई विहिरीवर रहाटाशी. मी खोपीतून ओढून काढलेल्या कुत्र्यापाशी, दोन्ही हातांना दोन दोन पिशव्या, मनगटाला सुंभ. आणि भावजी माझ्या डाव्या बाजूला, बंदूक कुत्र्याच्या डोक्यावर रोखून.

"तेना तोंड फिरवल्यान तर सरका," ते म्हणाले. "माका मग विचार करूक गावाचो नाय."

"माझ्यार मारू नुकात म्हणजे झाला."

"हलू नुकात तर नाय मारणंय."

मी धूत होते. कपड्याचा साबण, नारळाच्या काथ्याची किशी, पाणी, परत साबण. कुत्र्याचं अंग माझ्या हाताखाली थडथडत होतं, बंद न होणाऱ्या इंजिनासारखं. एकदा त्याला झटका आला आणि मान माझ्याकडे वळली. भावजींचं बोट हललं, ते मी बघितलं. मी हात काढला नाही. धैर्य म्हणून नव्हे, पिशवी त्याच्या पट्ट्यात अडकली होती. मान परत खाली पडली. "ऱ्हवा," मी म्हटलं, "तो चावत नाय, तो पडता." भावजी थांबले.

आणि मग फेसातून तो वास वर आला.

तो वास मला माहीत होता. मी खारेपाटणच्या दुकानदाराची मुलगी, तागडीत वाढलेली. लग्न होऊन, मुंबईला जायच्या आधी, ह्या बागेत आले तेव्हा माझा असा समज होता, की बागायतदाराच्या घरात आपण काहीतरी दणदणीत करून दाखवायला पाहिजे. तर पिंपातलं औषध ढवळायला काठी होती, आणि ह्या नव्या नवरीने काठी बाजूला ठेवून कोपरापर्यंत हात घातला. का? तर हिरव्या चुड्याचा पाण्यात आवाज छान येतो म्हणून. गडीमाणसं बघत राहिली आणि मला वाटलं, किती कौतुकाने बघतायत. संध्याकाळी डोकं फुटायला आलं, तोंडाला पाणी सुटलं, उलट्या झाल्या, समोरचा दिवा अंधुक दिसायला लागला. सासूबाईंनी मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. म्हणाल्या, एवढ्या गोऱ्या हाताक दृष्ट लागतलीच. मला ते इतकं पटलं, की पुढचे कित्येक दिवस मी तो हात पदराखाली झाकून फिरत होते. गावावर उपकार म्हणून.

तोच वास. बाटल्या बदलल्या असतील, वास तोच.

डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा कुत्रा कुशीवर पडला होता आणि छाती भरून आल्यासारखी घरघर चालू होती. त्यांनी डोळे बघितले, हिरड्या बघितल्या, छातीला नळी लावली आणि भावजींकडे न बघताच म्हणाल्या, "काका, ती बंदूक आधी बाजूला ठेवा." भावजींनी ठेवली. एका बाईने बंदूक धरून असलेल्या माणसाला इतक्या सहज सांगितलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

एक इंजेक्शन दिलं. थांबल्या. तोंडात बोट फिरवून बघितलं, परत दिलं. "लाळ सुकली पाहिजे," त्या म्हणाल्या. "तोंड कोरडं पडेपर्यंत देत राहायचं."

"आणि नाय सुकली तर?" न्हाणीच्या दारातून हे. ओलेते, टॉवेल गुंडाळलेले.

त्यांनी पुढचं इंजेक्शन भरलं. थोड्या वेळाने, नुसतं बसवत नव्हतं म्हणूनच बहुधा, समजावून सांगायला लागल्या. मेंदूकडून निरोप निघतो, तो एका शिरेतून दुसऱ्या शिरेत जातो. दोघींच्या मध्ये बारीकशी फट. त्या फटीत एक रस सुटतो, तो निरोप पलीकडे पोचवतो. निरोप पोचला की तो रस लगेच पुसून टाकायला शरीराने दुसरं एक द्रव्य ठेवलेलं असतं. औषध त्या पुसणाऱ्यालाच पकडून ठेवतं. मग रस तसाच साचतो आणि एकच निरोप वाजत राहतो. लाळ सोड, लाळ सोड. हल, हल. श्वासाची नळी आवळ.

"म्हणजे कुणकेश्वराच्या देवळात," मी म्हटलं, "एकाने घंटा वाजवून पुढे जायचं, तर तो तिथेच वाजवत उभा. आणि त्याला पुढे सारणाऱ्या पुजाऱ्याला कुणी खांबाला बांधून ठेवलाय."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "हो," म्हणाल्या. "तसंच."

"तुडतुडे असेच मरतात?"

"असेच. पुसणारं द्रव्य तुडतुड्यातही तेच काम करतं आणि कुत्र्यातही."

"आणि आमच्यात?"

तेव्हा त्यांनी मान वर केली आणि न्हाणीच्या दाराकडे बघितलं. "काका, जरा इकडे उजेडात या. नाही, उजेडात नको, पडवीत या. डोळे उघडे ठेवा. हात पुढे करा."

ह्यांनी हात पुढे केला. बोटं थरथरत होती. सकाळपासून थरथरत होती. मला बशी आठवली, आणि थंडीतला तो घाम.

"ह्यांना आधी दवाखान्यात न्या," त्या म्हणाल्या. "फार नाही वाटत, पण बघायला हवं. बाटली बरोबर न्या. कुणाकडे गाडी आहे?"

"माझी आसा," भावजी म्हणाले. ते ह्यांना घेऊन गेले. हे जाताना मागे वळून कुत्र्याकडे बघत होते. माझ्याकडे एकदाही नाही. मी खोपीपाशी बसून राहिले. कुठे असायला हवं तेच कळत नव्हतं. गाडीचा आवाज रस्त्याला लागून विरला, आणि पुढचा बराच वेळ मी फक्त कुत्र्याच्या तोंडाकडे बघत होते. तार बारीक झाली. मग तुटून थेंब राहिले. मग डॉक्टरीणबाईंनी परत बोट फिरवलं आणि ते मला दाखवलं. कोरडं होतं.

हे दुसऱ्या दिवशी घरी आले, दवाखान्यातल्या चहाला नावं ठेवत. तेव्हा मला खात्री पटली, की बरे आहेत.

कुत्रा मात्र लगेच परत आला नाही. म्हणजे अंगणातच होता, जेवत होता, पण तो आमचा नव्हता. रोजचा पोस्टमन आला तरी उठून लांब जायचा. पायरी कुठे ती विसरायचा, भिंतीशी घावणा मागत बसायचा. एखादं भांडं पडलं की खोपीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुसणारं द्रव्य शरीराला नव्याने करावं लागतं, वेळ लागतो. हे त्याच्या शेजारी बसून त्याला बागेतल्या गोष्टी सांगायचे, आणि मी हसत नसे. खोटं कशाला, एकदाच हसले.

घरात एक बदल केला. मांगरातल्या बाटल्या कुलपाच्या पेटीत गेल्या आणि पेटीवर मी खडूने लिहिलं: विख. आणि बोलतानाही तेच म्हणायचं ठरवलं. पहिल्याच आठवड्यात मुंबईचं गिऱ्हाईक बागेत आलं, पेट्यांची बोलणी चालली होती, आणि त्यांनी विचारलं, "आत कसला आवाज येतोय?" मी म्हटलं, "कलमांना विष मारतायत." गिऱ्हाईक गेल्यावर हे मला म्हणाले, "तू हापूस विकूची नाय. तू गप बसाची."

"मग तुमी औषद म्हणा," मी म्हटलं, "आणि परत कुत्र्याक लावा."

आता तेही विखच म्हणतात, फक्त गिऱ्हाइकासमोर हळू.

कुत्रा आता पूर्वीसारखा आहे, एक गोष्ट सोडून. पंपाचं इंजिन लागून तो वास सुटला, की तो उठतो, गडग्याच्या पडलेल्या भागातून पलीकडे जातो आणि भावजींच्या बाकाखाली, बंदूक टेकवलेली असते तिथे, भिंतीला पाठ लावून बसतो. पंप बंद होईपर्यंत तिथून हलत नाही. भावजी पहिल्यांदा फार अवघडले. मग त्यांनी त्याच्यासाठी तिथे गोणपाट घातलं. फवारणीच्या दिवशी त्याचं ताट मी तिकडेच नेऊन ठेवते, आणि जाऊबाई माझ्यासाठी चहा टाकतात.